लेप दिलेलं खनिज आणि पॉलिप्रॉपिलीन : प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

वही आजपासून. प्रश्न दिसायला साधा आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये खनिज फिलर (भराव म्हणून मिसळायची पूड) घातला, तर त्यावरच्या लेपामुळे आतली रचना बदलते का, आणि बदलत असेल तर नेमकी कुठे? रचना म्हणजे तीन गोष्टी: कण कसे पसरले, कण आणि पॉलिमर यांच्या सीमेवर काय घडलं, आणि पॉलिमरचे स्फटिक कसे वाढले. बहुतेक लोक फक्त ताकद मोजतात आणि आतलं अंदाजाने सांगतात. मला आधी आत बघायचंय, ताकद नंतर.

माल आला: होमोपॉलिमर पीपी (पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन), दळलेलं कॅल्साइट (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पृष्ठभाग ग्रॅमला ४ चौरस मीटर), टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, स्टिअरिक आम्ल, अमिनो सिलेन आणि मलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी. सगळीकडे फिलर वजनाने ३० टक्के.

हा ३० आकडा फसवा आहे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवते. कॅल्साइटची घनता २.७, पीपीची ०.९०५. म्हणजे आकारमानाने फिलर फक्त साडेबारा टक्के. कंपाउंडची घनता १.१३ यायला हवी. आकृत्या काढताना डोळ्यांसमोर साडेबारा टक्केच ठेवायचे, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली "फिलर कमी पडलाय" असं वाटत राहतं.

९ जानेवारी

स्टिअरिक आम्ल किती घालायचं? पाकिटावर "१ ते ३ टक्के" छापलंय. हे सांगणं आणि न सांगणं सारखंच.

हिशोब केला. स्टिअरिकचा रेणू पृष्ठभागावर शेपटी वर करून उभा राहिला तर साधारण ०.२१ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. एका ग्रॅम कॅल्साइटला ४ चौरस मीटर पृष्ठभाग आहे, त्यावर सुमारे ३२ मायक्रोमोल रेणू मावतात. रेणुभार २८४.५, म्हणजे ९ मिलिग्रॅम. एकच थर द्यायचा तर ०.९ टक्के पुरे. कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो आणि हा आकडाही वाढतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नाही.

तीन घाण्या (बॅच) करणार: ०.५, ०.९ आणि ३ टक्के. तिसरी मुद्दाम जास्त.

१३ जानेवारी

लेप देऊन झाला. हाय स्पीड मिक्सर ११० अंशांपर्यंत तापवला, कॅल्साइट तासभर कोरडं होऊ दिलं, मग स्टिअरिकचे पापुद्रे थोडे थोडे सोडले. ते ६९ अंशांना वितळतं, म्हणून आत पडताच विरघळून जातं. पंधरा मिनिटं फिरवलं.

मॅडमनी यंत्राविना होणारी चाचणी दाखवली. बीकरभर पाणी घ्यायचं, वर चमचाभर पूड अलगद शिंपडायची. लेप नसलेलं कॅल्साइट क्षणात ओलं झालं, पांढऱ्या ढगासारखं खाली गेलं आणि पाणी गढूळ झालं. ०.९ वालं वरच राहिलं. काचकांडीने ढवळलं तरी बुडेना. कांडी पाण्यात घातली की पूड तिच्याभोवती कोरड्या बाहीसारखी खाली जायची आणि कांडी बाहेर काढली की कोरडीच. ०.५ वाल्यातलं बरंचसं तरंगलं, थोडं हळूहळू गळत राहिलं. ३ टक्केवालंही तरंगलं, अगदी ०.९ सारखंच. म्हणजे ही चाचणी लेप कमी पडला तर सांगते, जास्त झाला तर गप्प बसते.

१४ जानेवारी

जास्त झालेलं एफटीआयआरने (इन्फ्रारेड किरणांनी रासायनिक बंध ओळखणाऱ्या यंत्राने) सांगितलं. २९१८ आणि २८५० ला शेपटीतल्या कार्बन-हायड्रोजन बंधांच्या रेषा तिन्ही नमुन्यांत आहेत. आम्ल कॅल्शियमला बांधलं गेलं की स्टिअरेटच्या रेषा १५७७ आणि १५४० ला येतात. कार्बोनेटचा १४२० चा रुंद डोंगर शेजारीच असल्याने त्या त्याच्या उतारावर टेकल्यासारख्या दिसतात. ३ टक्केवाल्यात मात्र १७०० जवळ वेगळी रेषा आहे. ते न बांधलेलं, मोकळं आम्ल. गरम टोल्युइनने धुतल्यावर ती गेली.

हे मोकळं आम्ल पुढे मोल्डिंगला वर येऊन साच्यावर बसतं. ३ टक्केवाली घाणी मर्यादा दाखवायला ठेवते, मुख्य तुलनेत घेणार नाही.

२० जानेवारी

एक्स्ट्रूडर (पीपी वितळवून त्यात फिलर मिसळणारं यंत्र) दिवस. ट्विन स्क्रू, २०० ते २१५ अंश. फिलर आदल्या रात्री १०५ अंशांना वाळवलेला. क्रम: नुसतं पीपी, लेपाविना कॅल्साइट, लेपाचं कॅल्साइट, शेवटी टाल्क.

लेपाविना कॅल्साइटने हॉपरमध्येच छळलं. पूड कमान धरायची, खालचा स्क्रू रिकामा फिरायचा आणि फीडरवरचा आकडा कोसळायचा. मशीनवरचे काका रबरी हातोडीने हॉपरला टिचक्या मारत होते. लेपाचा माल मात्र पाण्यासारखा ओघळला. "ताई, हे पीठ नाही, वाळू आहे," काका म्हणाले. त्याच वेगाला टॉर्कही खाली आला. कण एकमेकांना धरत नाहीत, वितळ सहज सरकते.

टाल्क संपल्यावर काकांनी बजावलं: "शंखजिरं लवकर निघत नाही. पीपी दोनदा फिरवा, एकदा नाही." पानाच्या कडेला लिहून ठेवलं.

२२ जानेवारी

आजची नोंद लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

राखेची चाचणी. क्रूसिबलमध्ये दाणा, मफल फर्नेस, पॉलिमर जळून जातो आणि उरतं ते खनिज. ३० टक्के यायला हवं होतं. आलं १६.९. दुसरा नमुना १६.८. मी लगेच फीडरवर खापर फोडलं, काकांना जाऊन सांगितलं की त्या दिवशी कमान धरल्यामुळे निम्मा फिलर आत गेलाच नाही. काकांनी शांतपणे त्या दिवसाचा कागद काढला. पूड मोजून भरली होती आणि मोजून संपली होती.

भट्टी ८०० वर लावली होती मी. कॅल्शियम कार्बोनेट त्या तापमानाला टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होतं आणि वजनातले ४४ टक्के उडून जातात. ३० गुणिले ०.५६ म्हणजे १६.८. चाचणी इतकी चोख झाली होती की माझी चूक दशांशापर्यंत छापून आली. भट्टी ६०० च्या आत ठेवून पुन्हा केली: २९.७. घनताही १.१३. काकांची माफी मागितली. "होतं," म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले.

२८ जानेवारी

डीएससी, म्हणजे तापवताना आणि थंड करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणं. १० अंश प्रतिमिनिट वेगाने थंड करताना स्फटिकीकरणाचं शिखर कुठे येतं ते पाहिलं. नुसतं पीपी ११३, लेपाविना कॅल्साइट ११७, स्टिअरेट लेप ११५, टाल्क १२६.

टाल्कने तेरा अंशांची उडी मारली. त्याच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजूवर पीपीच्या साखळ्यांना बसायला तयार जागा मिळते, म्हणून स्फटिक लवकर सुरू होतात. कॅल्साइट हे काम जेमतेम करतं, आणि स्टिअरेटचा थर दिल्यावर तेवढंही करत नाही. सीमेवर आता दगड नाही, मेणासारख्या शेपट्यांची गादी आहे. साखळीला टेकायला कठीण काही नाही.

आता स्फटिकता. यंत्राने वितळण्याची ऊर्जा नुसत्या पीपीसाठी ९८.५ ज्यूल प्रतिग्रॅम दाखवली आणि लेपाच्या कंपाउंडसाठी ६९.६. पहिल्या नजरेत वाटतं, फिलरने स्फटिकता खाल्ली. पण वितळणारा भाग ०.७ ग्रॅमच आहे. भागलं की ९९.४. पूर्ण स्फटिकी पीपीसाठी २०७ धरले तर दोन्हीकडे ४८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्फटिक किती आहेत हे जवळपास बदललंच नाही. कुठे सुरू झाले, केवढे वाढले, कोणत्या दिशेने, हे बदललं. "फिलरमुळे स्फटिकता वाढते" हे वाक्य मी माझ्याच प्रस्तावात घातलं होतं. खोडलं.

३ फेब्रुवारी

द्रव नायट्रोजन आला नाही. दिवस फुकट. नमुन्यांना लेबलं लावली.

५ फेब्रुवारी

नायट्रोजन आला. पट्ट्या बुडवून गोठवल्या, मोडल्या, सोन्याचा मुलामा देऊन एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

लेपाविना कॅल्साइटमध्ये गुठळ्या आहेत. एक तर जवळपास २० मायक्रॉनची, कोबीच्या गड्ड्यासारखी, आणि तिच्या मधूनच भेग गेलेली. पॉलिमर गुठळीच्या आत शिरलेलाच नाही, कण एकमेकांना कोरडेच चिकटलेले. म्हणजे पट्टी तुटायला सुरुवात होण्यासाठी तयार फट मीच आत पेरून ठेवली होती. पण गुठळीबाहेरचे सुटे कण पहा: पॉलिमर त्यांच्या अंगाला धरून आहे, काहींवर त्याचे तंतू ओढलेले दिसतात.

०.९ लेपाच्या नमुन्यात चित्र उलटं. गुठळी शोधायला वीस मिनिटं घालवली, सापडली नाही. कण एकेकटे, अंतर राखून. पण प्रत्येक कण स्वच्छ धुतल्यासारखा, आणि भोवती बारीक फट, अंगठीतला खडा सैल झाल्यावर दिसते तशी. काही ठिकाणी नुसते गोल खळगे उरलेत, कण समोरच्या तुकड्याबरोबर निघून गेलेला.

एकाच लेपाने एक काम केलं आणि दुसरं बिघडवलं. "लेपामुळे फिलर पॉलिमरला चांगला चिकटतो" असं सर्रास म्हटलं जातं. स्टिअरेटच्या बाबतीत ते चूक आहे. तो कणांना एकमेकांपासून सोडवतो, आणि त्याच कारणाने पॉलिमरपासूनही सोडवतो.

११ फेब्रुवारी

ताण चाचणी. यील्डला (पट्टी कायमची ताणली जाऊ लागते त्या बिंदूला) नुसतं पीपी ३३ मेगापास्कल, लेपाविना कॅल्साइट २७, लेपाचं २१. एसईएममध्ये दिसलं तेच. पट्टी ओढताना लेपाच्या नमुन्याची मान चटकन पांढरी पडली: हजारो कणांभोवती एकाच वेळी पोकळ्या उघडल्या. लेपाविनाची पट्टी एकाच जागी तुटली, तुटलेल्या तोंडावर भिंगाने पाहिलं तर पांढरा ठिपका, म्हणजे गुठळी. आघात चाचणीत मात्र लेपाचं कंपाउंड पुढे. पोकळ्या सगळीकडे उघडल्या की मधला पॉलिमर ताणला जातो आणि ऊर्जा पोटात घेतो. कमी यील्ड म्हणजे वाईट लेप, असा निकाल त्यामुळे देता येत नाही. वस्तू काय बनवायची आहे त्यावर ते ठरतं.

मॅडमशी यावर बराच वेळ बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "तू लेप हा एकच शब्द वापरतेस, आणि त्याच्याकडून तीन कामांची अपेक्षा करतेस. वेगळे कर." बरोबर आहे. कण सुटे करणं, कण पॉलिमरला बांधणं आणि स्फटिकांना सुरुवात करून देणं ही तीन वेगळी कामं आहेत. स्टिअरेट पहिलं उत्तम करतो, दुसऱ्याच्या आड येतो, तिसऱ्यात जवळपास निष्क्रिय.

१२ फेब्रुवारी

सिलेनचा (कण आणि पॉलिमर यांना जोडायला वापरतात त्या रसायनाचा) निकाल, थोडक्यात. कॅल्साइटवर काही नाही. सिलेनला धरायला पृष्ठभागावर सिलिकाला असतात तसे हायड्रॉक्सिल गट लागतात. काच, सिलिका, केओलिन, वोलास्टोनाइट यांच्यावर ते असतात, कॅल्साइटवर कामाचे नाहीत. टाल्क सिलिकेट आहे खरं, पण त्याच्या सपाट बाजूवर ऑक्सिजनच तोंड वर करून बसलेले, हायड्रॉक्सिल मिळतात ते फक्त पापुद्र्याच्या कडांना. कडांचं क्षेत्र ते किती! हे आधी वाचलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

बांधायचंच असेल तर मलेइकवालं पीपी. त्याचे आम्लगट कॅल्साइटला धरतात आणि शेपूट पीपीचंच असल्याने पॉलिमरमध्ये गुंतते. पण ते लेपाविना कॅल्साइटवर चाललं, स्टिअरेटवाल्यावर फारसं नाही. साहजिक आहे, बसायच्या खुर्च्या आधीच भरलेल्या.

१९ फेब्रुवारी

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणं. टाल्कच्या नमुन्यात १६.९ अंशांचं शिखर, (०४०) प्रतलाचं (स्फटिकातल्या अणूंच्या एका थराचं), बाकी सगळ्यांना झाकून टाकेल इतकं उंच आलं. १४.१ वालं (११०) शेजारी खुजं. नवी स्फटिकी रचना सापडली या आनंदात मी अर्धा तास होते.

रचना तीच, अल्फा, म्हणजे पीपीचं नेहमीचं स्फटिकरूप. मी मोल्ड केलेल्या पट्टीचा वरचा पृष्ठभाग तसाच यंत्रात ठेवला होता. मोल्डिंगमध्ये टाल्कचे पापुद्रे साच्याच्या भिंतीला समांतर झोपतात. पीपीचे स्फटिक पापुद्र्यावर ठरावीक दिशेनेच उगवतात, म्हणून तेही एकजात रांगेत आले आणि किरणांना तेच प्रतल दिसलं. पट्टीचा वरचा थर तासून गाभ्याचं मोजमाप घेतलं: शिखर बरंच उतरलं. द्रव नायट्रोजनमध्ये दळून पूड केली: नेहमीचं अल्फा पीपी.

दिशा हीसुद्धा रचनाच आहे, त्यामुळे पृष्ठभागाचं मोजमाप टाकून देणार नाही. पण तिन्ही मोजमापं शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही.

२४ फेब्रुवारी

मॅडमची सूचना: स्टिअरिकला अठरा कार्बन आणि आम्लगट एका टोकाला. पिमेलिक आम्लाला सात कार्बन आणि आम्लगट दोन्ही टोकांना. कॅल्साइटवर ते दिलं की पृष्ठभागावर कॅल्शियम पिमेलेट तयार होतं, आणि ते पीपीचं बीटा, म्हणजे वेगळ्या रचनेचं स्फटिकरूप उगवायला लावतं. दगड तोच, पॉलिमर तोच, फक्त लेपाचं आम्ल वेगळं.

कॅल्साइटच्या १०० भागांना १ भाग. सकाळी मशीनवर टाल्क आणि मलेइकवालं पीपी चालू होतं, त्यानंतर लगेच ही घाणी काढली. वेळ कमी होता. दोन पिशव्या: पहिला माल ७-अ, नंतरचा ७-ब.

२६ फेब्रुवारी

७-ब मध्ये १६.१ अंशांवर शिखर! बीटाचं (३००). कागदावर हे सगळं वाचलं होतं तरी खुर्चीतून उठले. वेळ वाचवायला १० ते २५ अंश एवढंच मोजलं, पीपीची कामाची शिखरं सगळी त्यातच येतात. टर्नर-जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने, म्हणजे बीटा शिखराची उंची भागिले ती आणि अल्फाची तीन शिखरं मिळून, हे प्रमाण ०.८५ आलं.

७-अ मध्ये ०.२. तीच घाणी, तोच लेप, तेच मिक्सर. लेप असमान बसला असणार. पण असमान असता तर पिशवीतल्या वेगवेगळ्या दाण्यांत फरक दिसायला हवा. अ मधले पाच नमुने एकसारखे वाईट आहेत. कळत नाही.

२ मार्च

सूक्ष्मदर्शक. ३० टक्के भरलेला पापुद्रा ध्रुवित प्रकाशात काळाठिक्कर, काही दिसत नाही. पीपी मिसळून फिलर २ टक्क्यांवर आणला, दोन काचांमध्ये दाबून पातळ केला, हॉट स्टेजवर वितळवून १३० अंशांना थांबवला.

स्टिअरेट: मोठी करडी स्फेरुलाइटं (स्फटिकांचे गोल वाढणारे पुंजके), सावकाश फुलणारी, कणांना जुमानत नाहीत, वाढता वाढता कण पोटात घेऊन पुढे जातात. टाल्क: मोजायची सोय नाही, पाहता पाहता सगळं क्षेत्र बारीक रव्याने भरलं. पिमेलेट: प्रत्येक कणापासून झगझगीत उजळ ठिपका फुटला, अल्फाच्या करड्यापुढे डोळ्यांत भरणारा. कण कुठे आहेत ते वेगळं शोधावं लागलं नाही.

डीएससीमध्ये ७-ब ला १५० जवळ आणि १६५ जवळ अशी दोन शिखरं आली, आणि दुसरं अपेक्षेपेक्षा मोठं. एक्सआरडी बीटा ८५ टक्के म्हणतं, डीएससी त्याहून बरंच कमी. दोघांत खोटं कोणी नाही. बीटा वितळता वितळता पुन्हा अल्फा होऊन बसतं आणि मग ते अल्फा वितळतं. नमुना एकदा १०० अंशांच्या बराच खाली थंड केला असेल तर हे होतं. संशोधक वार्गा यांनी या रूपावर केलेल्या कामात ते स्पष्ट आहे. आज १०५ ला थांबवून तिथूनच पुन्हा तापवला, दुसरं शिखर जवळजवळ नाहीसं झालं. यापुढे बीटाचं प्रमाण डीएससीवरून काढताना थंड कुठपर्यंत केलं हे लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

६ मार्च

७-अ चं कोडं सुटलं.

शेल्फ लावताना जानेवारीचं पान उघडं पडलं आणि कडेला माझंच अक्षर दिसलं: शंखजिरं, पीपी दोनदा. २४ तारखेला मी एकदाच फिरवलं होतं, तेही घाईत.

७-अ पुन्हा एक्सआरडीला लावला, या वेळी ५ अंशांपासून. ९.५ वर छोटंसं, सरळ उभं शिखर. टाल्कचं. मी १० पासून मोजत होते, त्यामुळे गुन्हेगार अर्ध्या अंशाने चौकटीबाहेर उभा होता. ७-ब मध्ये तिथे सपाट रेषा.

बॅरलमध्ये राहिलेलं थोडं टाल्क पुरलं. ते जास्त तापमानालाच अल्फा सुरू करतं, पिमेलेटची पाळी येईपर्यंत जागा उरत नाही. ७-अ च्या थंड होण्याच्या आलेखात शिखर १२४ ला आहे, ब मध्ये १२० ला. हा फरक माझ्यासमोर आठवडाभर होता. खात्रीसाठी ७-ब मध्ये मोजून अर्धा टक्का टाल्क घालून छोटी घाणी काढणार आहे.

७-अ वर नवं लेबल लावलं: "टाल्क मिसळलेलं, तुलनेत घेऊ नये." मंगळवारी मशीन मिळतंय. पीपीचं एक जादा पोतं धुण्यासाठी मागवलंय. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन मागवा."